अवरेचा मोसम आणि मधूचा डावा कान

“ह्या कानात कुणी काही घातलं होतं का?” डॉक्टरांनी विचारलं, आणि माझा भाऊ म्हणाला, “नाही.”

मी त्याच्या मागे भिंतीला टेकून उभी होते. घातलं होतं. मीच घातलं होतं. आधी तेल, मग पिन. पण मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी कपाळावरचा गोल आरसा वर सरकवला, टेबलाशी बसले आणि कागदावर लिहिलं की डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे, आणि ते बहुतेक जुन्या आजारातलं असावं. हवाई दलाच्या तपासणीत मधू त्याच कानामुळे नापास झाला होता. बाकी सगळ्यात पास, कानात नापास. फेरतपासणी मागायला सहा आठवडे दिले होते, आणि अर्जाला बाहेरच्या डॉक्टरचा दाखला जोडायचा होता. तो दाखला हा असा झाला. मधूने कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्याचं तोंड मला मागून दिसत नव्हतं. कान दिसत होते. दोन्ही लाल झाले होते, चांगला कोणता आणि फाटका कोणता ते बाहेरून कळत नव्हतं.

हे साठ वर्षांपूर्वीचं. परवा आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर अवरेकायची, म्हणजे अवरेच्या शेंगांची, रास पडली. दर डिसेंबरात पडते. पुण्याकडचे लोक ह्याला पावटा म्हणतील, म्हणोत. ह्या शेंगेवर धुकं पडलं की तिला एक तेलकट, उग्र वास सुटतो. बोटांना लागला की साबणाने जात नाही. माझी नातसून सोललेले दाणे फोनवरून मागवते. ते पिशवीतून येतात, स्वच्छ आणि बिनवासाचे. मी खाली जाऊन शेंगा घेते. विकणारी म्हणते, “अज्जी, ह्या वयात सोलत बसणार?” मी म्हणते, “हात अजून आहेत. बरं, सरी, घाल आणखी स्वल्प.”

मग मी बाल्कनीत बसते. समोर सर्जापूर रोड, त्याच्या पलीकडे बारा-बारा मजले. तिथे तेव्हा अवरेचीच शेतं होती. वास नाकात भरला की ते मजले हळूहळू पातळ होतात, आणि त्यांच्यातून पलीकडचं धुकं दिसायला लागतं. मी डोळे चोळत नाही. दिसतंय तोवर बघते.

चीनची लढाई थांबली होती तो हिवाळा. रस्त्यात दिसेल ती बाई सैनिकांसाठी लोकरीचं काहीतरी विणत होती; मीही एक हातमोजा विणला, दुसरा झालाच नाही. बळेपेटेतल्या आमच्या घरात तिघे जण होतो. आप्पा, मधू आणि मी. आई गेली तेव्हा मधू सहा वर्षांचा होता आणि मी अकरा. मी चौथी पास झाले होते. पाचवीची पुस्तकं आणली होती, ती परत दिली. त्याबद्दल मला आता काही म्हणायचं नाही. चूल पेटली नसती तर तिघेही उपाशी राहिलो असतो, इतकंच. शाळेत कन्नड शिकले, मराठी आप्पांनी घरी शिकवलं. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसत. शहाजीराजांच्या वेळेपासून आम्ही इथे कानडी मुलखात आहोत, हसणारे आले आणि गेले.

आप्पा विमानांच्या कारखान्यात भांडारात कारकून होते. मधूला विमानांचं वेड तिथूनच लागलं. पण आप्पांना स्वतःला विमानाचं काही कौतुक नव्हतं. ते म्हणत, “ज्याने विमानाचे तुकडे कपाटात ठेवलेले पाहिलेत, तो विमानात बसत नाही.” मधू रविवारी सायकल घेऊन मारतहळ्ळीच्या बाजूला जायचा. तेव्हा ते खेडं होतं. तळं, नाचणी, बांधावर शेळ्या, आणि एकदम झाडांच्या वरून चाचणीसाठी निघालेलं विमान. तो तिथे सकाळभर उताणा पडायचा आणि पाठीला गवत चिकटवून घरी यायचा. मी झाडून काढायची. “काय दिसलं?” विचारलं की म्हणायचा, “पोट दिसलं, अक्का. विमानाचं पोट.” जेवताना त्याचा घास हातातच राही आणि डोळे वर, तुळईकडे. तिथे कोळ्याचं जाळं होतं, बाकी काही नव्हतं.

आता पिनेचं सांगते. आमच्याकडे पुरुषांना शनिवारी तेलाचं न्हाणं. एरंडेल कोमट करायचं, डोक्यावर थापायचं, आणि दोन थेंब प्रत्येक कानात. आई घालायची, मग मी घालू लागले. तपासणी मंगळवारी होती. त्या शनिवारी मी दोन थेंबांऐवजी पळीभर तेल घातलं, लसणाची पाकळी तळून. माझं डोकं असं चाललं की हा आता वर जाणार, वर वारा फार, तो कानात शिरणार, तर कान आधीच मजबूत केलेला बरा. घरातलं कुणी कधी विमानात बसलेलं नव्हतं. जे ठाऊक होतं त्यावरूनच मी हिशेब केला.

रविवारी तो म्हणाला, कान गच्च झालाय. मी त्याला मागच्या दारी उन्हात बसवला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानात पाहिलं. तेल, मळ, सगळं कालवलेलं. मला लाज वाटली. मंगळवारी मोठे मोठे डॉक्टर ह्या कानात बघणार, आणि त्यांना काय दिसणार? म्हणतील, ह्या मुलाच्या घरात कुणी बाईमाणूस नाही का? मी केसातली पिन काढली. पाहुणे येणार म्हणून कोपरे घासून काढतात तसा मी तो कान घासला. तो एकदा “हां” म्हणाला. पिनेच्या टोकाला लाल ठिपका होता. मी तो पदराला पुसला आणि म्हटलं, “झालं. आता कुणीही बघू दे.”

डॉक्टरांकडून परत येताना आम्ही चालत आलो. मधू सायकल हातात धरून.

“खोटं का बोललास?” मी विचारलं.

“तुझं नाव आलं असतं कागदावर. आप्पांनी वाचलं असतं.”

“वाचलं असतं तर काय झालं असतं? मला घरातून काढलं असतं?”

“बोलले असते तुला.”

“बोलू देत. मी काय साखरेची आहे?”

“राहू दे अक्का,” तो म्हणाला. “भोक ते भोक. कुणी पाडलं ह्याने काय फरक पडतो?”

मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण घरी येऊन भाकरी थापताना सारखं मनात यायला लागलं, की फरक पडत नसता तर त्या माणसाने विचारलंच नसतं. डॉक्टर म्हणजे काही शेजारीण नव्हे, उगाच चौकशी करायला.

दुसऱ्या दिवशी आप्पा कामावर आणि मधू कॉलेजात गेल्यावर मी एकटी गेले. डॉक्टर म्हातारे होते, कन्नड बोलत. मोठ्या लढाईत फौजेत काम केलेले. मी टेबलावर पिन ठेवली आणि म्हटलं, “ह्याने झालं. मी केलं.”

त्यांनी पिन उचलून उजेडात धरली. “का?”

“कान स्वच्छ दिसावा म्हणून.”

ते म्हणाले, “अम्मा, आजाराचं भोक पुन्हा पुन्हा पडतं. तसला कान ते जन्मात घेणार नाहीत. जखमेचं भोक एकदाच पडतं, आणि कान कोरडा राहिला तर मिटतं. मिटलं तरी डाग राहतो. डागाचा कान पायलटला चालत नाही असा नियम आहे. पण जखमेच्या डागाला सूट मागता येते. हे काल का नाही बोललात?”

“काल धीर झाला नाही.”

“आज झाला?”

“आज पण नाही. पण आले.”

त्यांनी कालच्या दाखल्याची नक्कल फाडली आणि नवा दाखला लिहायला घेतला. मग म्हणाले, लिहून द्या, कोणी, कधी, कशाने. मी चौथीपर्यंत शिकलेय म्हटल्यावर म्हणाले, “पिनेला चौथी पुरते.” मी कन्नडात लिहिलं. तेल किती, दिवस कोणता, पिन कोणत्या कानात, रक्त किती. शेवटी लिहिलं, माझ्या हातून मोठी चूक झाली, माफी असावी. त्यांनी ती ओळ खोडायला लावली. “तपासणीच्या मंडळाला माफी नको असते,” ते म्हणाले. “माहिती हवी असते.” तेव्हापासून मी लिहिताना ही गोष्ट लक्षात ठेवली आहे. लिहिण्याचे प्रसंग फारसे आले नाहीत, ते सोडा.

मधू एकवीसचा झाला नव्हता, म्हणून त्या कागदावर आप्पांची सही लागत होती. संध्याकाळी ते जेवायला बसले. पानात तांदळाची रोट्टी आणि अवरेचं सारू. मी कागद पाटाशेजारी ठेवला. त्यांनी डाव्या हाताने उचलून वाचला. पुन्हा वाचला. मधू दारात उभा, पायाने पाय खाजवत.

“पिनेने?” आप्पा म्हणाले.

“हो.”

“कारखान्यात पाच हजार माणसं आहेत. पाच हजारांत असं यंत्र साफ करणारा एक सापडायचा नाही. माझ्या घरात सापडला.”

“हा कागद दिला नाही तर हा नापासच राहील?”

“हो.”

“म्हणजे इथेच राहील. मी भांडारात लावून देईन. रोज घरी जेवायला येईल.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला नको आहे ते?”

“मला काय हवं ते कुठे लिहायचं होतं त्यात?” मी म्हटलं. “झालं ते लिहिलंय.”

त्यांनी आणखी सारू मागितलं. ते संपवलं, हात धुतला, पुसला आणि सही केली. मग मधूला म्हणाले, “आता त्या कानात पाणी गेलं तर दोघांनाही घराबाहेर काढीन.”

पुढचे दिवस मला एका लांब सकाळीसारखे आठवतात. धुकं उतरायचं ते नऊ-नऊ वाजेपर्यंत उठायचं नाही. समोरच्या घराचं छप्पर नुसतंच हवेत टांगलेलं असायचं. गल्लीतून सायकलची घंटा यायची, सायकल दिसायची नाही. अवरेच्या गाड्या मात्र दिसण्याआधीच कळायच्या. आधी वास, मग बैलाची घुंगरं, मग बैल. मी भिजवलेले दाणे चिमटीत दाबून साली काढत बसायची. दाबलं की दाणा सटकन उडून परातीत पडायचा, हिरवा, गुळगुळीत. मधू शेजारी, डोक्याला मफलर, डाव्या कानात व्हॅसलिनचा कापूस. त्याला शिंकायला बंदी, नाक शिंकरायला बंदी, डोक्यावरून पाणी घ्यायला बंदी. एवढा मोठा मुलगा, मी त्याला बाकावर आडवा करून केस धुवायची, कानावर पंजा धरून, तान्ह्या मुलासारखा. शेजारची गौरक्का भिंतीवरून बघून म्हणायची, “हा विमान चालवणार? ह्याला आधी अंघोळ शिकव.” तो झोपल्या झोपल्या म्हणायचा, “गौरक्का, तुमच्या घरावरून विमान नेईन ना, तेव्हा पापड आत घ्या.”

दहाच्या सुमाराला पूर्वेकडून विमान यायचं. धुक्यात दिसायचं नाही, नुसता आवाज. मधू मान वर करायचा, आणि चुकीच्या बाजूला बघायचा. एका कानात कापूस असल्यामुळे त्याला सगळं उजवीकडूनच ऐकू यायचं. विमान डावीकडून जात असायचं आणि हा उजवीकडच्या पांढऱ्या धुक्याकडे डोळे लावून बसलेला. मी त्याला कधी सांगितलं नाही. तो इतका खुशीत असायचा, की वाटायचं तिकडेही एखादं जात असेल.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी कानात पाहिलं आणि म्हणाले, कडेने भरतंय. मग ऐकण्याचा सराव सुरू झाला. मंडळापुढे वीस फुटांवरून कुजबुजलेले शब्द ओळखावे लागतात, एकेका कानाने. आप्पांनी कारखान्यातून मोजपट्टी आणली आणि मागच्या दारापासून वीस फूट मोजले. ते बरोबर धुण्याच्या दगडाशी आले. रोज तिन्हीसांजेला मधू दारात पाठमोरा उभा राही, उजव्या कानात बोट घालून. मी दगडाशी उभी राहून कुजबुजायची. भोपळा. सत्तावीस. के. आर. पुरम. खिडकी. त्रेसष्ट. तो मोठ्याने परत म्हणायचा. आधी दहातले चार यायचे, मग सहा, मग आठ. त्या वेळी अंगणात निळसर धूर भरलेला असे, सगळीकडच्या चुलींचा. त्यात त्याची पाठ पुसट होत जायची, आणि मी माझे शब्द त्या पाठीकडे सोडत राहायची. शब्द किती हलका केला तरी तो तिथपर्यंत जातो, हे मला त्या दिवसांत कळलं.

एका संध्याकाळी बावन्न झालं, कढई झालं, आणि मग मी कुजबुजले, “जाऊ नकोस.”

पाठ तशीच. कुठेतरी कुणी जातं ओढत होतं, तेवढाच आवाज.

मग तो म्हणाला, “पुढचा शब्द, अक्का.”

मी म्हटलं, “वांगं.”

“वांगं,” तो म्हणाला.

त्यावर आम्ही नंतर कधीच बोललो नाही. त्या दिवशी मी हिशेब ठेवला नाही, पण त्याला सगळे ऐकू आले होते.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात बोलावणं आलं. कागद लिहून देणारीनेही यावं, असं त्यात होतं. म्हणून मी गेले, नाहीतर कशाला गेले असते? हवाई दलाच्या दवाखान्याच्या फाटकाच्या आत एक मोठा पर्जन्यवृक्ष होता आणि खाली बाक. मधूला आत नेलं. तिथे एक लोखंडी खोली होती. तीत बसवून हवा काढून घेतात, म्हणजे वर गेल्यासारखं होतं, मग पुन्हा भरतात. कच्चा पडदा असला तर त्यात फुटतो. हे मला त्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं, पतंगाची गोष्ट सांगावी तसं.

दुपारी मला पाच मिनिटं आत बोलावलं. तीन अधिकारी टेबलामागे. मधला हिंदीत बोलला. माझा कागद समोर होता, खाली कुणीतरी त्याचं इंग्रजी केलेलं.

“तुम्ही ह्याचा कान पिनेने साफ केला?”

“हो.”

“का?”

“तुम्ही बघणार होता म्हणून.”

एकाने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. मधला हसला नाही. त्याने विचारलं, “ह्याआधी कधी कान वाहिला? लहानपणी? मला खरं सांगा.”

“हा सहा वर्षांचा असल्यापासून मी वाढवलंय. नाक वाहिलं. कान नाही.”

त्याने काहीतरी लिहिलं आणि मला जा म्हणून सांगितलं.

मी परत बाकावर आले. तिथे सकाळपासून एक बाई बसली होती, कोडगूची; साडीच्या निऱ्या मागे घेण्याची त्यांची पद्धत असते त्यावरून कळली. तिचा मुलगाही आत होता. फुटबॉल खेळताना त्याच्या नाकाचं हाड वाकलं होतं, एका बाजूने श्वास नीट येत नव्हता, म्हणून नापास. ऑपरेशन करून घेऊन आता सूट मागत होता. तिने डबा उघडला. मी माझा उघडला. माझ्या डब्यात अवरेचं उप्पीट होतं. तिने खाल्लं आणि म्हणाली, आमच्याकडे ह्याला एवढा वास नसतो. झाडाची पानं बारीक, ऊन त्यातून गाळून खाली येत होतं आणि आमच्या मांडीवरच्या डब्यांवर हलत होतं. आतून काही आवाज नाही. दोन्ही मुलं त्या खोलीत, कितीतरी हजार फूट वर, आणि आम्ही खाली उप्पीट खात होतो.

“माझा एकच आहे,” ती म्हणाली. “त्याचे वडील फौजेत होते, तिथेच गेले. मी कावेरीमातेला सांगून आलेय, ह्याचं नाक वाकडंच ठेव. ह्यांना सूट देऊ देऊ नकोस.” मग तिने मला विचारलं, “तू काय मागितलंस?”

“मी काही मागितलं नाही,” मी म्हटलं. “मी लिहून दिलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, “धीराची आहेस.” मला ते स्तुतीसारखं वाटलं नाही, आणि तिनेही तसं म्हटलं नव्हतं.

चारच्या सुमाराला दोघे बरोबर बाहेर आले. एकमेकांची नावं एव्हाना त्यांना माहीत झाली होती. हसत होते. मधूच्या नाकाखाली वाळलेल्या रक्ताची रेघ होती, पण ते नाकातलं होतं, कानातलं नव्हतं. तो मुलगा उंच, नाकाने किंचित कललेला, देखणा. त्याने वाकून आईच्या हातातून डबा घेतला. मला म्हणाला, “अक्का, तुमचं उत्तर आत सगळे एकमेकांना सांगतायत.”

दिल्लीहून कागद यायला महिना लागला. तोवर अवरे निबर झाली, मग दिसेनाशी झाली. धुकं गेलं आणि रस्ते पिवळ्या फुलांनी भरले. मधूला सूट मिळाली. कोडगूच्या बाईचा तो मुलगा त्याच्याच तुकडीत होता, म्हणजे त्यालाही मिळाली होती. स्टेशनवर ती बाई दूर खांबाशी उभी होती. मी हात केला. तिनेही केला. गाडी सुटल्यावर आप्पा म्हणाले, “घरी काय आहे जेवायला?” आणि आम्ही चालायला लागलो.

दुसऱ्या वर्षी सरावाच्या उड्डाणात त्या मुलाचं विमान कोसळलं. तो गेला. मधू वीस वर्षं उडला, दोन लढाया पाहिल्या. तो जगला.